मीटरभर बर्फासाठी गिरमिट

उत्तर न दिलेले पत्र घरात कुठेही ठेवले तरी दिसत राहते, हे ताउनोला त्या हिवाळ्यात कळले. आधी त्याने ते शब्दकोशात ठेवले. मग साखरेच्या डब्यामागे. मग पुन्हा शब्दकोशात. जानेवारीत आलेले पत्र, मार्च संपत आला तरी तसेच पडून होते, आणि ताउनोला रोज कुठला ना कुठला शब्द पाहावासा वाटत होता.

पत्र वेइयोचे होते. वेइयो त्याचा शाळेपासूनचा सोबती. बायको गेल्यावर तो पार उत्तरेला, इनारी सरोवराच्या काठी जाऊन राहिला होता. टेलिफोनचा त्याला राग होता. कोंबडी चालून गेल्यासारख्या अक्षरात त्याने लिहिले होते:

"ताउनो, एप्रिलमध्ये ये. सरोवरातल्या एका बेटावर माझी झोपडी आहे. चूल आहे, दोन बाकं आहेत. लाल पोटाचे रौतू मासे असे ओढतात की दोरीने बोट कापतं. मात्र दोन गोष्टी आधीच सांगतो. इथे आजूबाजूला माणूस नाही, म्हणजे कुणाची जुनी भोकंही नाहीत. बर्फ मीटरभर जाड. आपलं भोक आपणच पाडायचं; माझी पाठ आता एका माणसापुरतीच उरली आहे. आणि इंजिनवालं गिरमिट आणलंस तर त्याच बसने परत पाठवीन. मार्च संपायच्या आत कळव, म्हणजे तुझ्या वाटचं लाकूड आणि पीठ बेटावर नेऊन ठेवतो."

'कुणाची जुनी भोकंही नाहीत' हे वाक्य ताउनोला पाठ झाले होते. तीन हिवाळ्यांपूर्वी तो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवरून घसरला आणि उजवा खांदा मोडला. खांदा जुळला, पण बर्फात भोक पाडताना निम्म्यात हात भरून यायचा. त्याने आपले गिरमिट पुतण्याला देऊन टाकले आणि तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या भोकांवर मासे धरत होता. त्यात गैर काही नव्हते. माणूस उठून पुढे गेला की त्याने सोडलेले भोक ज्याला हवे त्याचे, अशीच गावच्या पिएलिनेन सरोवराच्या बर्फावरची रीत होती. पण उठून गेलेला माणूस मासा लागत नाही म्हणूनच उठून गेलेला असतो. तीन हिवाळे ताउनो माशांनी सोडलेल्या जागी बसत होता.

तरीही त्याने एकही मासेमारीचे मासिक चुकवले नव्हते. पूर्वी तो फिरत्या वाचनालयाची बस चालवायचा. गावोगाव पुस्तके नेता नेता थांब्यावर बसून वाचायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. कुठल्या गिरमिटाचे पाते ओल्या बर्फाला चांगले, कुठले कोरड्या, कडक बर्फाला, रुंदी बोटभर वाढली की किती जास्त बर्फ उपसावा लागतो, हे सगळे त्याला तोंडपाठ होते. हातात मात्र त्याने एकही घेतले नव्हते. हातात घेतले की उत्तर मिळते, आणि त्याला त्या उत्तराची भीती वाटत होती.

त्या शनिवारी बंदरासमोरच्या बर्फावर काउकोचा मेळा होता. काउकोचे मासेमारीच्या सामानाचे दुकान. दरवर्षी मार्चअखेरीस तो दुकानातली सगळी गिरमिटे बर्फावर आणून उभी करायचा. ज्याला घ्यायचे त्याने आधी भोक पाडून बघावे. शेजारी वाटाण्याच्या सूपचा हंडा, कॉफीची किटली. ऊन असे पडले होते की डोळे उघडवत नव्हते. बर्फ फुटून पाण्यात पडलो तर कडेला खोचून वर यायचे दाभण गळ्यात लटकवून, पाठीवर बसायची पेटी घेऊन ताउनो निघाला. फक्त बघायला जातोय, असे त्याने स्वतःला तीनदा सांगितले.

काठावरच ईर्या भेटली. ती त्याची शेजारीण, त्याच्याच वयाची, दूधसंघातून निवृत्त झालेली. पायाने ढकलायच्या घसरगाडीवर तिने आपले सामान लादले होते.

"काय रे, आज कुणाच्या भोकाशी दुकान थाटणार?"

"बघू. नुसता फिरायला आलोय."

"फिरायला! चेहरा बघ. लग्नाला निघालेल्या नवऱ्यासारखा लाल झालाय."

"थंडी आहे, गं."

"थंडी? माझी टोपी घामाने भिजलीय. घ्यायचंय ना तुला? घेऊन टाक बाबा एकदाचं. गेल्या आठवड्यात तुला भोक पाडून दिलं, त्याचं भाडं एक मासा ठरलं होतं. अजून आलेलं नाही."

"त्या भोकात मासाच नव्हता!"

"ते भाडेकरूचं बघणं. घरमालकाचा काय संबंध?"

ताउनोला हसू आले आणि ते लपवायला त्याने मफलर वर ओढला.

बर्फात खोचलेली गिरमिटे ओळीने उभी होती: लाल, हिरवी, पिवळी, एक निळे. शेवटी इंजिनाचे धूड. काउकोने कुणासाठी तरी ते सुरू केले, तेव्हा धुराचा लोट सूपच्या हंड्यावर गेला आणि रांगेतल्या सगळ्यांनी एका आवाजात त्याला शिव्या घातल्या.

"ताउनो! शेवटी आलात तुम्ही!" काउको ओरडला. "हे घ्या. दोरी ओढली की झालं, खांद्याला काही त्रास नाही."

"नको, नको," ताउनो म्हणाला. वेइयोचे वाक्य कुणाला सांगायचे म्हणजे पत्राचे सांगावे लागले असते, आणि मग उत्तराचे. "हाताचंच बघतो."

"मग हे लाल. अरुंद आहे, हलकं आहे. लोण्यात सुरी जावी तसं जातं."

ताउनोने लाल गिरमिट घेतले. डावा हात गिरमिटाच्या माथ्यावरच्या मुठीवर, उजवा दांड्यावर. तीन हिवाळ्यांनंतर! त्याने पाते बर्फाला टेकवले. त्याने फिरवायला सुरुवात केली आणि पात्याने चक्क बर्फ धरला. पांढरा कीस वर येऊ लागला. ताउनो मनातल्या मनात ओरडला. पण दर फेऱ्यात एक जागा अशी यायची की उजवा हात छातीवरून डावीकडे गेलेला असायचा आणि तिथून दांडा पुढे ढकलावा लागायचा. तिथे खांद्यात सुई टोचायची. मग सुईचा दाभण झाला. भोक निम्म्यावर आले आणि हात आपोआप थांबला.

"पाणी लागलं?" काउकोने विचारले.

"नाही. म्हणजे, जरा दुसरं बघतो," ताउनो म्हणाला आणि गिरमिट गुपचूप जागेवर ठेवले.

पलीकडचे निळे त्याला केव्हापासून खुणावत होते. मासिकात त्याच्याविषयी एक संपूर्ण पान आले होते: दांडा उंच करता येतो, कंबर वाकवावी लागत नाही. त्याने ते उचलले. वजन असे तोललेले की हातात घेतल्याचे कळू नये. आता नाही तर कधीच नाही, असे म्हणत त्याने पाते टेकवले आणि फिरवले.

काही झाले नाही.

पाते बर्फावर नुसते घसरत राहिले. त्याने जोर लावला. खांद्यात कळ आली. बर्फावर एक गुळगुळीत गोल उमटला, आरशासारखा, पण कीस म्हणून निघाला नाही. मागे दोघे-तिघे उभे राहिले.

"अहो, बर्फाला पॉलिश करताय की काय?" कुणीतरी म्हणाले, आणि हशा पिकला. वाईट हेतूचा नव्हता तो, पण ताउनोच्या कानापर्यंत रक्त चढले. काउको इंजिनापाशी कुणाशी तरी बोलत होता. हाक मारून विचारावे, असे एकदा वाटले. पण ताउनोने आयुष्यात कुणाला हाक मारून काही विचारले नव्हते. दुकानात लोणी कुठे आहे, हेसुद्धा नाही. तो फिरून फिरून शोधायचा. त्याने निळे गिरमिट ओळीत खोचले आणि सूपच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

तर मग झाले. लाल निम्म्यावर थांबले, निळ्याने बर्फाला ओरखडाही काढला नाही. घरी जायचे आणि वेइयोला लिहायचे: खांदा साथ देत नाही, माझी वाट बघू नकोस. वाक्य तयारही झाले. ताउनोची वाक्ये नेहमी चटकन तयार व्हायची, विशेषतः नकाराची. मग बेटावरचे दुसरे बाक रिकामे राहील, किंवा वेइयो त्याच्यावर सामान ठेवील.

सूपची वाटी घेऊन तो आपल्या पेटीवर बसला. समोर गिरमिटांची ओळ. मागून ऊन येत होते आणि प्रत्येकाची सावली बर्फावर पडली होती. सूप गरम होते, म्हणून ते निवेपर्यंत तो नुसता समोर बघत बसला. लाल, हिरवे, पिवळे. तिन्हींची मळसूत्रे खालून वर एकाच बाजूला चढत गेलेली, एकाच जिन्याच्या पायऱ्यांसारखी. आणि निळ्याचे—

ताउनोने चमचा खाली ठेवला.

निळ्याचे मळसूत्र उलट्या बाजूला चढत होते.

त्याने डोळे मिटून उघडले. पुन्हा तेच. वाटी पेटीवर ठेवताना अर्धे सूप सांडले. मासिकात त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेले आठवले: 'डाव्या फेऱ्यातही उपलब्ध.' अरे देवा! घड्याळाच्या काट्यांसारखे फिरवायचे गिरमिट जन्मभर वापरलेल्या माणसाने डाव्या फेऱ्याचे गिरमिट उजवीकडे फिरवले होते. पाती उलटी घासत होती. बर्फ कसा कापला जाणार? त्यात खांद्याचा काही दोषच नव्हता!

"अरे, सूप सांडलं तुझं!" ईर्या ओरडली.

"राहू दे!" ताउनो म्हणाला. तो जवळजवळ धावत होता, आणि बर्फावर धावू नये हे त्याला चांगले माहीत होते.

तो त्याच आरशासारख्या गोलावर उभा राहिला. डावा हात मुठीवर, उजवा दांड्यावर. या वेळी उलटे. हात तयार होईना; साठ वर्षांची सवय त्याला उजवीकडे ओढत होती. पहिले दोन फेरे अडखळत गेले. आणि मग खरखर असा आवाज आला, ताज्या पावाला सुरी लावल्यासारखा, आणि गोलाच्या कडेने पांढरा कीस भसाभस वर आला.

ताउनो खांद्यातली सुई येण्याची वाट बघत होता. ती आली नाही. ढकलायची वेळ यायची तेव्हा हात आपल्याच बाजूला, कोपर बरगडीशी असायचे. छातीवरून पलीकडे गेला की आता नुसते ओढायचे होते. आणि ओढायला खांद्याची काहीच हरकत नव्हती! तीन हिवाळे तो खांदा एवढेच सांगत होता, आणि ताउनोने त्याला कधी विचारलेच नव्हते.

गिरमिट एकदम हलके झाले, आत बुडाले. त्याने ते उपसले तसे हिरवे पाणी वर आले, बुटांभोवती पसरले.

"पाणी!" तो म्हणाला. कुणाला सांगितले ते त्यालाही कळले नाही.

"शाब्बास!" मघाच्या हसणाऱ्यांपैकीच कुणीतरी म्हणाले.

पण इथला बर्फ अर्ध्या मीटरहून थोडाच जास्त होता. वेइयोचा मीटरभर. ताउनो दोन पावले सरकला आणि दम न घेता दुसरे भोक पाडायला लागला. दोन मिळून मीटर भरला असता.

"काय रे हे?" ईर्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "डोकं ठिकाणावर आहे का? एका माशाला दोन दारं?"

"गप्प बस गं, मोजतोय."

"मला गप्प बस म्हणाला!" ईर्या सगळ्यांकडे बघून म्हणाली. "ऐकलंत? चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

दुसऱ्या भोकातूनही पाणी आले. ताउनोला धाप लागली होती, चष्म्यावर वाफ धरली होती, पण खांदा शाबूत होता. काउको धावत आला.

"अहो, ते डाव्या फेऱ्याचं आहे! बाजूला ठेवायला विसरलो मी. एका गिऱ्हाइकाने मागवलं होतं, मग ते आलंच नाही. चिठ्ठी लावायची राहिली."

"चालेल," ताउनो म्हणाला. "म्हणजे... हेच हवंय."

"घ्या की मग. अरुंद आहे, अहवेन माशांना पुरेसं."

ताउनोचा हात खिशाकडे गेला आणि थांबला. इथले पट्टेरी अहवेन तळहाताएवढे. इनारीचा रौतू मांडीएवढा. गावी आलेल्या वेइयोने एकदा बसमध्ये त्याला सांगितले होते: अरुंद भोकाशी आणलेला रौतू डोके बाहेर काढून त्याच्याकडे बघत होता, कल्ल्यांपाशी अडकला आणि दोरी तोडून गेला, त्या रात्री वेइयो जेवला नाही.

"यातलंच रुंद आहे का?" त्याने विचारले. आपण विचारले, याचे त्याला मागाहून आश्चर्य वाटले.

काउकोने डोके खाजवले. "एक आहे गाडीत. पण ताउनो, खरं सांगतो. रुंदाला जवळजवळ दुप्पट बर्फ उपसावा लागतो. खांदा तुमचा आहे, माझा नाही. शिवाय डाव्या फेऱ्याची पाती इथे कुणाकडे नसतात. बोथट झाली तर मला बाहेरून मागवावी लागतील."

"जादा पाती आहेत?"

"एकच जोड आहे."

"ती पण आण."

काउको गाडीकडे गेला. तेवढ्या वेळात ताउनोच्या मनात जुनी शंका परतली. अरुंद घ्यावे. ते जमते हे सिद्ध झाले आहे. जमते ते सोडून न जमणाऱ्याच्या मागे लागणारा माणूस तो नव्हताच कधी. पण मग मांडीएवढा मासा तीन बोटांच्या अंतरावरून परत जाईल, आणि वेइयो काही बोलणार नाही, हे त्याहून वाईट.

रुंद गिरमिट काळे होते. ते पाहूनच बघ्यांमध्ये कुजबुज झाली. लोक गोळा झाले. सूपवालीसुद्धा पळी घेऊन आली. एरवी एवढ्या नजरा अंगावर आल्या असत्या तर ताउनो बर्फाखाली जाऊन लपला असता. आज त्याला फक्त पाते दिसत होते.

"पैज लावता का?" कुणीतरी म्हणाले.

"माझी एक किटली कॉफी, त्याच्या बाजूने!" ईर्या ओरडली. "हरलास तर बघ, ताउनो, कॉफी तुझ्याकडूनच वसूल करीन!"

रुंद पाते जड चालत होते. कीस ढिगाने यायचा, गिरमिट वर उचलून तो झटकावा लागायचा. निम्म्यावर ताउनोच्या दंडाला कंप सुटला. त्याने थांबून खांद्याची चाचपणी केली. दुखत होता का? दमला होता. दमणे वेगळे, दुखणे वेगळे. त्याने पेटी ओढली, सरळ तिच्यावर बसला आणि बसल्या बसल्या श्वास घेतला.

"संपला का?" मागून आवाज आला.

"बसलाय," ईर्या म्हणाली. "बसलेला माणूस आणि संपलेला माणूस यातला फरक कळत नाही का तुला?"

बेटावर घाई कुणाला असणार होती? ताउनो उठला. सावकाश, ओढ, ढकल, ओढ. पुन्हा थांबला, पुन्हा उठला. आणि एकदम काळे गिरमिट हातातून निसटेल असे खाली गेले. पाणी एवढ्या जोरात वर आले की सूपवालीचे बूट भिजले. भोक चांगले बादलीएवढे दिसत होते. बर्फावर ओरडा झाला. ईर्याने त्याची टोपी काढून हवेत उडवली आणि ती नेमकी भोकात पडली. ती काढायला दोघांना पाण्यात गळ टाकावा लागला.

"बघ," ईर्या हसून हसून रडत म्हणाली, "तुझ्या भोकातला पहिला मासा!"

"भाडं म्हणून ठेवून घे," ताउनो म्हणाला, आणि या उत्तरावर लोक हसले तेव्हा तो स्वतःही हसला.

त्याने काळे गिरमिट घेतले, जादा पाती घेतली, जाड बर्फासाठी लांबवायचा तुकडा घेतला. काउको म्हणाला, "एवढ्या सामानाने कुठे, उत्तर ध्रुवावर?"

"इनारीला," ताउनो म्हणाला. इतक्या लोकांसमोर, मोठ्याने.

घरी येताच त्याने कोट न काढता कागद घेतला. पहिल्या कागदावर खांद्याचे सगळे आले, मळसूत्राचे आले, मासिकातली बारीक अक्षरे आली. चार पाने झाली. वाचून पाहिल्यावर त्याला ते एखाद्या पुस्तकाच्या प्रस्तावनेसारखे वाटले. फाडले. दुसऱ्यांदा दोन पाने, त्यात तीन ठिकाणी माफी. तेही फाडले. मग वाटले, इतक्या उशिरा गेलेले पत्र वेइयोला पोचेल का. लाकूड कुणा दुसऱ्याच्या नावाने बेटावर गेले असेल तर? त्या विचाराने त्याने तिसरा कागद उभ्या उभ्याच लिहिला.

"वेइयो, येतोय. गिरमिट माझं स्वतःचं आहे, हाताचं. फेरा डावा आहे, हसू नकोस. दोन माणसांचं पीठ ने. मला भूक लागते. ताउनो."

बाहेर अजून उजेड होता. छपरांवरून बर्फाचे पाणी ठिबकत होते. गिरमिट दारात उभे ठेवून तो ओल्या डोक्याने, टोपीशिवाय, रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीपाशी गेला. ताउनोची पद्धत अशी की पाकिटावरचा पत्ता तीनदा वाचायचा, मग तिकीट नीट चिकटले आहे ना ते अंगठ्याने दाबून बघायचे, मग एकदा घरी परत जाऊन विचार करायचा.

त्याने पेटीचे झाकण वर केले आणि न वाचताच पाकीट आत टाकले.